गावकीच्या खोलीतला टेपरेकॉर्डर

माझं पहिलं रेकॉर्डिंग मशीन तारेवर चालायचं. आज हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. टेप नव्हे, तबकडी नव्हे, तार. केसाएवढी बारीक पोलादी तार एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जायची आणि जाता जाता आवाज धरून ठेवायची. दादरच्या हिंदू कॉलनीत ज्यांच्या मुलींना मी गणित शिकवायला जात होतो, त्या गृहस्थांनी ते मला दिलं. त्यांच्याकडे परदेशातून नवा टेपरेकॉर्डर आला होता आणि हे कपाटावर जागा अडवत होतं. "मास्तर, न्या हे," ते म्हणाले. मी तेव्हा इंटरला होतो. मास्तर म्हटलं की मागे कोण उभं आहे ते बघायचो.

मशीन चांगलंच जड होतं. ते घेऊन ट्राममध्ये चढलो तेव्हा कंडक्टरने विचारलं, "काय आहे, शिलाई मशीन?" मी "हो" म्हणालो. मग एका बाईंनी शिलाई मशीनबद्दल चौकशी सुरू केली, म्हणून पुढच्या स्टॉपला उतरलो आणि परळपर्यंत ते खांद्यावरून नेलं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे घरात येणारी कुठलीही न कळणारी वस्तू कॉलेजची समजली जाई. आईने मशीनकडे एकदा बघितलं.

"परीक्षेक ह्या लागता?"

"हो," मी म्हणालो. त्या दिवशीचं हे दुसरं 'हो'. त्याच्यावर मी पुढे दोन वर्षं काढली.

खरं कारण पेटीचं होतं. आमच्या गावच्या माणसांचं परळमध्ये भजनी मंडळ होतं आणि त्यात मी पेटी वाजवायचो. आपण बरं वाजवतो असा माझा समज होता. तो खरा आहे का हे विचारायला कुणी नव्हतं, कारण ज्यांना विचारावं ती सगळी माणसं मी कॉलेजात गेलो म्हणून माझ्यावर आधीच खूश होती. मी पेटीवर हात ठेवला तरी ती माना डोलवायची. म्हणून मला एक असा ऐकणारा हवा होता ज्याला माझे मार्क माहीत नाहीत.

तारेवरच्या मशीनमधून माझी पेटी डालड्याच्या रिकाम्या डब्यात बसून कुणीतरी वाजवावी तशी ऐकू यायची. पण मला ती आवडली. सगळे सूर एकमेकांत विरघळायचे, त्यामुळे चुकीचा कुठला आणि बरोबर कुठला ते कळायचं नाही. त्यावरून मी जो निष्कर्ष काढला तो आज आठवला की हसू येतं. मला वाटलं, इतक्या खराब मशीनवर आपण इतके बरे वाजतो, तर चांगल्या मशीनवर कसे वाजू?

त्या मशीनचा शेवट आईने केला, तोही नकळत. तार तुटली की गाठ मारून जोडायची असे. एके दिवशी गाठ सुटली आणि अख्खं रीळ खोलीभर पसरलं. मी कॉलेजातून आलो तेव्हा आई मोरीत बसून भाताचा टोप घासत होती आणि तिच्या हातात तारेचा चांगला घट्ट बोळा होता.

"बरा घासता," ती म्हणाली. "आणखी आणलंस तर बरा होयत."

टोप खरंच लखलखत होता. माझ्या पाऊण तासाच्या वादनाने इतकं चांगलं काम आधी कधी केलं नव्हतं.

दादरच्या गृहस्थांची त्या सुमारास परदेशी बदली झाली. दोन्ही मुलींना जाईपर्यंत फुकट शिकवायचं, या बोलीवर त्यांचा टेपरेकॉर्डर मला मिळाला. या वेळी तो आणायला माझा वर्गमित्र बरोबर होता. तो डिलाईल रोडला राहायचा, वडील रे रोडच्या लाकडाच्या वखारीत ओझी उचलायचे आणि त्याच्याही घरात कॉलेज पाहिलेला तो पहिलाच. आमची मैत्री बहुधा त्यामुळेच झाली. वर्गात प्राध्यापकांनी काही विनोद केला की आम्ही दोघेच उशिरा हसायचो. त्याच्या घरच्यांनी नुकताच बौद्ध धम्म घेतला होता. भजनाच्या रेकॉर्डिंगला त्याला बोलवावं की नाही, या विचारात मी दोन दिवस घातले. शेवटी चाचरत विचारलं.

"आम्ही देव सोडलेत," तो म्हणाला. "वायरी नाही सोडल्या. येतो."

टेपरेकॉर्डरला पुढे एक हिरवा डोळा होता. आवाज वाढला की तो मिटत जाई, कमी झाला की उघडे. कानाला लावायचा हेडफोन होता. बरोबर चांगला माईक होता. कॉलेजच्या लायब्ररीत ध्वनिमुद्रणावर एक इंग्रजी पुस्तक सापडलं, ते आम्ही दोघांनी मिळून वाचलं, म्हणजे एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने डिक्शनरी धरायची.

पहिल्याच टेपने माझा निकाल लावला. मी एक धून वाजवली होती. टेपवर ती होतीच, शिवाय शेजारच्या खोलीतला स्टो होता, गॅलरीतली दोन भांडणं होती, आणि खालून गेलेली एक मिरवणूक होती. ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. रोज कुठे ना कुठे सभा असायची आणि आम्हीही जायचो, घसा बसेपर्यंत ओरडून यायचो. त्या टेपवर मिरवणुकीतल्या शेदोनशे माणसांचं "झालाच पाहिजे" एका सुरात आणि चोख लयीत आलं होतं. माझी पेटी तेवढी पुढे पळत होती. दर ओळीला थोडी थोडी. मध्येच भात्याची फसफस, मध्येच दोन सूर एकदम दाबलेले.

मित्राने हेडफोन काढला. "मिरवणूक चांगली आलीय," एवढंच म्हणाला.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण माणसाला स्वतःचा दोष कळला की तो दुसऱ्याला दाखवावासा वाटत नाही. मशीनचं कौतुक मात्र दाखवावंसं वाटतं. मी टेपरेकॉर्डर मंडळाकडे नेला.

मंडळ बसायचं गावकीच्या खोलीत. गावाहून एकटे आलेले पुरुष त्या एका खोलीत राहायचे, पाळ्या लावून झोपायचे, खानावळीत जेवायचे. भिंतीला ओळीने ट्रंका आणि त्यांच्यावर गुंडाळलेल्या वळकट्या. गाणारे बुवा गिरणीत घडीखात्यात, तयार कापडाच्या घड्या घालायला होते. टाळ धरणारे तिघे काका विणकर, साचेखात्यातले. पखवाज माझ्या वडिलांचा.

बाबाही विणकरच. वीस-बावीस वर्षं दोन साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, मध्ये उभे राहिलेले. साचेखात्यात शेकडो साचे एकदम खडखडतात. तिथे माणूस ओरडला तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. चार साच्यांपलीकडचा विणकर नुसते ओठ हलवून सांगतो की जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय, आणि याला ते कळतं. बाबा रस्त्याच्या पलीकडून गॅलरीतल्या आईला आवाज न काढता विचारायचे की मासळी आणू का, आणि आईही तशीच सांगायची कुठली ते. आम्हा मुलांना यात काही विशेष वाटत नसे. मोबदल्यात साचेखात्याने त्यांचे कान घेतले होते. ते कुणी बोलून दाखवत नसे. घरात सगळेच मोठ्याने बोलायचे, त्यामुळे कळायचंही नाही. मला कॉलेजात जाऊन कळलं की लोक मीठ मागताना ओरडत नाहीत.

गिरणीत बाबा म्हणजे एक तिकीट नंबर होते. मंडळात मात्र बुवांनी आलाप संपवला की सगळ्या माना त्यांच्याकडे वळायच्या आणि ते थाप देतील तेव्हाच गाडं पुढे जायचं. आठवड्यातून एकदा का होईना, त्यांची वाट बघितली जायची. हे त्यांना किती हवं होतं ते मला तेव्हा पुरतं माहीत नव्हतं.

एका भजनाचं रेकॉर्डिंग करून घेतलं आणि पुढच्या वेळी मी टेप लावली. सगळे कान लावून बसले. बुवांचे कान चांगले होते, घडीखात्यात गोंगाट नसतो. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "पखवाज जरा जड येता."

"काय?" एका काकांनी विचारलं.

"पखवाज, म्हणतंय मी. जड येता. आणि मागे पडता."

"कोण पडता?"

"पखवाज, पखवाज."

"तर काय," काका म्हणाले. "त्येका आताशा ऐकाक येणा नाय."

बाबा त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होते, म्हणून हे बोलणं झालं. तारेच्या मशीनवर हाच पखवाज मी कितीदा ऐकवला होता आणि सगळ्यांनी वाहवा केली होती. त्यात कुणीच पुढे नव्हतं आणि कुणीच मागे नव्हतं.

गणपतीत लालबागला आमच्या मंडळाची डबलबारी ठरली होती. डबलबारी म्हणजे दोन मंडळं समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने गातात. एकाने घेतलेल्याला दुसऱ्याने उत्तर द्यायचं. समोरचं मंडळ तयारीचं होतं. बुवांचा एक भाचा नुकताच गावाहून आला होता, त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईत, बदली कामगार म्हणून लागला होता आणि पखवाज छान वाजवायचा. बुवांच्या मनात काय आहे ते सगळ्यांना कळत होतं. पण भाच्याला बसवलं तर गावकी म्हणणार, बुवाने नात्यातला घुसवला. नाही बसवलं तर डबलबारी जाणार.

बुवांनी मला गॅलरीत गाठलं. "कॉलेजवाल्या, ह्या तुझा मशीन खोटा बोलता काय कधी?"

"नाही बुवा," मी म्हणालो. आणि इंग्रजी पुस्तक ताजं होतं म्हणून पुढे सांगितलं, "यंत्र कुणाची बाजू घेत नाही."

"मगे झाला. येत्या रविवारी दोघांका वाजवूक सांगूया. मशीन सांगतला ता खरा. मशीनाक भावकी नाय."

अशा रीतीने माझ्या मशीनला न्यायाधीश नेमण्यात आलं आणि मला त्याचा कारकून. मी नाही म्हणू शकलो असतो. मला वाटतं, मला थोडा अभिमानही वाटला.

बाबांना बुवांनी स्वतः सांगितलं. बाबा म्हणाले, "करा." बस, तेवढंच. पण शनिवारी संध्याकाळी त्यांनी पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक तीनदा मळून बघितली आणि जेवण होईपर्यंत ट्रंकेच्या कडेवर बोटं चालवत राहिले. आई म्हणाली, "उद्या तुमची पण परीक्षा." ते त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल.

रविवारी सकाळी गिरणी बंद. खोलीतल्या बाकीच्या माणसांना बुवांनी बाहेर पाठवलं. मित्र आणि मी पुस्तकाप्रमाणे मांडामांड करू लागलो. पुस्तकात लिहिलं होतं की मोठ्या आवाजाचं वाद्य बाकीच्यांपासून दूर, जाड पडद्याआड ठेवावं, म्हणजे गाणाऱ्याचा आवाज दबत नाही. आमच्याकडे पडदे नव्हते, गोधड्या होत्या. मोरीजवळच्या कोपऱ्यात दोरी बांधून चार गोधड्या टाकल्या आणि त्यांच्यामागे बाबांना बसवलं.

बुवांनी ते बघितलं. "अरे, ह्येका बाळंतिणीसारखो कोपऱ्यात कित्याक बसवलंस?"

"पुस्तकात आहे, बुवा."

"पुस्तकात बाळंतीण पण आसा?"

बाबा मात्र निमूट जाऊन बसले. कॉलेजातून आलेल्या गोष्टीला ते कधी नाही म्हणत नसत.

मी पेटी धरली, मित्र मशीनपाशी बसला, बुवांनी अभंग उचलला. दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसरीला टाळ एकीकडे, पखवाज एकीकडे. एक काका भलतीकडेच थांबले, दुसरे थांबलेच नाहीत. बुवांनी हात वर केला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच, या वेळी दुसऱ्याच ओळीला. बुवांनी माझ्याकडे बघितलं आणि सुस्कारा टाकला. गोधडीमागे काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं. मला वाटलं, संपलं. आता टेप लावायचीही गरज नाही.

"भाच्या, तू बस," बुवा म्हणाले.

बाबा बाहेर आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. भाचा गोधडीमागे गेला. अभंग सुरू झाला आणि तिसऱ्या ओळीला पुन्हा मोडला. तसाच, त्याच जागी.

बुवा चकित झाले. "आता ह्यो पण बहिरो?"

सगळे हसले. बाबाही हसले; त्यांना वाक्य ऐकू गेलं नसावं, पण बुवांचं तोंड त्यांच्या समोर होतं.

मित्राने मला बाहेर गॅलरीत बोलावलं. "तू मान खाली घालून पेटी वाजवतोस, म्हणून तुला दिसत नाही," तो म्हणाला. "मी मघापासून बघतोय. ते तिघे ऐकत नाहीत रे. बघतात. गोधडीकडे बघत बसले होते. तिथे काही दिसेना, मग चुकले."

"काय बघतात?"

"तुझ्या वडिलांचा हात. खांदा. मला काय माहीत, तुझी माणसं आहेत."

मी पाच वर्षं त्या मंडळात पेटी वाजवत होतो. तिघेही काका बाबांच्याच खात्यातले. बाबांना ऐकू येत नाही असं ज्यांनी सांगितलं, त्यांनाही ऐकू येत नव्हतं. सगळं मंडळ डोळ्यांनी ताल धरत होतं, आणि मी चांगल्या आवाजासाठी त्यांच्या डोळ्यांसमोर गोधड्या टांगल्या होत्या.

आम्ही गोधड्या काढल्या. बुवांना काही कारण सांगितलं नाही. हवा लागेना म्हणून काढल्या असं म्हटलं. बाबा नेहमीच्या जागी बसले. अभंग पुन्हा सुरू झाला आणि असा गेला की विचारू नका. काकांचे चेहरे खुलले, माना हलू लागल्या, शेवटच्या गजराला बुवाही रंगले. मग भाच्याने वाजवलं. काका त्याच्या हाताकडे बघत बघत, जपून, परक्या घरात चालावं तसे गेले, पण शेवटपर्यंत गेले.

टेप सगळ्यांना ऐकवण्याआधी मला एकट्याला ऐकायची होती. मी हेडफोन लावला. खोलीत सगळे माझ्याकडे बघत बसले.

गोधड्या काढल्यानंतरचा बाबांचा पखवाज सुरुवातीला केसभर मागे होता. पुढे बोटभर झाला. शेवटी शेवटी तो बुवांच्या मागून चालत होता, आणि टाळ त्याच्याबरोबर, सगळे मिळून, मजेत. बुवा रंगले असं मला वाटलं होतं. ते खरं म्हणजे थांबून थांबून सगळ्यांना सांभाळून घेत होते. भाच्याचा पखवाज स्वच्छ होता. प्रत्येक थाप जिथल्या तिथे. यात शंकेला जागाच नव्हती. मशीन खूपच चांगलं होतं.

मी हेडफोन मित्राला दिला. तो ऐकून होईपर्यंत थांबलो. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला सांगितलं. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज काढलाच नाही, नुसते ओठ हलवले: "बाबा मागे पडतात. भाचा बरोबर आहे."

माझ्या मित्राच्या घरी कुणी विणकर नव्हतं. माझ्या घरी होता. मी त्या भाषेत लहानाचा मोठा झालो होतो, आणि तरीही त्या क्षणी मला ते आठवलं नाही. चार विणकर माझ्या तोंडाकडे टक लावून बसलेले असताना मी त्यांना सगळ्यात मोठ्या आवाजात निकाल वाचून दाखवला.

एका काकांनी टाळांची दोरी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. दुसरे खिडकीबाहेर बघू लागले. तिसऱ्यांनी वळकटी सरळ केली, ती सरळच होती. ज्यांचे कान चांगले होते त्या दोघांना, म्हणजे बुवांना आणि भाच्याला, काहीच कळलं नव्हतं.

"काय म्हणता मशीन?" बुवांनी विचारलं.

काकांची टाळांची गाठ काही बसेना.

"अरे, काय म्हणता?"

"म्हणता, मी मागे पडतंय," बाबा म्हणाले, नेहमीच्या मोठ्या आवाजात. "भाचो बरोबर आसा."

मग माझ्याकडे वळून, "झिला, मोठ्यान सांगूचा होता. तोंड चोरून कित्याक?"

मी काहीतरी बोलू लागलो, की मशीनचा वेग कमीजास्त होतो, की माईक भाच्याच्या जवळ होता. ते माझ्या ओठांकडे लक्ष देऊन बघत होते, त्यामुळे मला ते वाक्य पुरं करता आलं नाही. त्यांनी पखवाज उचलला आणि भाच्यापुढे ठेवला. भाचा हात लावेना. त्याने आधी बाबांच्या पायांना हात लावला.

"पायाक हात लावून ताल येणा नाय," बाबा म्हणाले. "बस."

घरी जाताना मी माफी मागायचा प्रयत्न केला. रस्त्यावर कुठल्याशा सभेच्या लाऊडस्पीकरचा आवाज होता आणि मी मुद्दाम त्यांच्या बाजूला चालत होतो, समोर नाही. त्यामुळे त्यांना काय कळलं मला माहीत नाही. "अभ्यास कर," ते म्हणाले. त्यानंतर ट्रंकेच्या कडेवर बोटं चालवताना मी त्यांना बघितलं नाही. आई एकदा त्या ट्रंकेकडे बघून म्हणाली, "घर कसा गप झालाहा." तिला वाटलं माझी परीक्षा जवळ आली म्हणून.

आता अडचण काकांची झाली. तालमी सुरू झाल्या, पण त्यांचे डोळे सवयीने बाबांकडे जात. बाबा कोपऱ्यात नुसते ऐकायला म्हणून येऊन बसायचे, म्हणजे बसायचे. काका आधी त्यांच्याकडे बघत, मग भाच्याकडे, आणि तेवढ्यात एक मात्रा निघून जाई. बुवांनी दोन तालमी सोसलं.

"तू कोपऱ्यात नको," ते बाबांना म्हणाले. "हयसर पुढे बस. सगळ्यांका दिसशीत असो."

"आणि काय करू?"

"हात हलय."

बाबा पुढे बसले. ते भाच्याच्या बोटांवर नजर ठेवायचे आणि मांडीवर, मग हवेत, हाताने ताल द्यायचे. त्यांना आता ऐकायचं काही नव्हतं, बघायचंच होतं, आणि त्यात त्यांच्या तोडीचा माणूस गिरणीत नव्हता. तिघे काका त्यांच्या हाताबरोबर चालू लागले. भाचाही हळूहळू त्यांच्याकडे बघून थाप देऊ लागला. कोण कुणाचं बघून वाजवतंय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण टेपवर ते बरोबर यायचं.

लालबागला मांडवात गणपतीच्या मागे मुंबईसकट महाराष्ट्राचा मोठा नकाशा उभा केला होता आणि त्याच्यापुढे आम्ही बसलो. मी पेटीवर, मित्र मशीनवर. डबलबारी चांगली झाली. हरलो नाही एवढं नक्की. मध्ये चहाला उठलो तेव्हा समोरच्या मंडळाचे बुवा आमच्या बुवांना म्हणाले, "तो पुढे बसलेलो कोण? काय वाजवता तो?"

"तो आमका वाजवता," आमचे बुवा म्हणाले, आणि बशीतला चहा पिऊ लागले.

माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग. बुवांचा आवाज मोकळा, पखवाज नेमका, टाळ एकत्र, माझी पेटीही बऱ्यापैकी आवरलेली. बाबा मात्र त्यात कुठेच नाहीत. हवेत हललेल्या हाताचा आवाज येत नाही. त्यासाठी कुठलं मशीन घ्यावं ते पुस्तकात नव्हतं.

गणपती गेल्यावर रविवारी गावकीच्या खोलीत सगळ्यांना ती टेप ऐकायची होती. मी आवाज पूर्ण वाढवला. तरीही तिघे काका थोडा वेळ गोंधळल्यासारखे मशीनच्या जाळीकडे बघत राहिले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मग एक एक करून ते बाबांकडे वळले. बाबांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि हात उचलला. भाच्याची बोटं समोर नव्हती. तो दारात उभा राहून ऐकत होता. बाबा आठवणीने ताल देऊ लागले. काकांचे चेहरे खुलले, माना हलू लागल्या. त्यांना टेप आता नीट ऐकू येऊ लागली होती.

शेवटच्या गजरात बाबांचा हात टेपच्या मागे पडू लागला. केसभर, मग बोटभर. मित्राने माझ्याकडे बघितलं. मी बटणाशी काहीतरी करत असल्यासारखं केलं.

टेप संपली, रीळ सुटून फिरू लागलं, आणि बाबांचा हात अजून एक आवर्तन पुरं करत होता. काका त्या हाताबरोबर होते. आवर्तन झाल्यावर त्यांनी माना खाली केल्या.

"चांगला हा," एक काका म्हणाले. "पण मशीन जरा घाई करता."

"करता खरा," दुसरे म्हणाले.

बुवांनी फिरतं रीळ बोटाने थांबवलं. बाबांनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नवीन आसा ता," ते म्हणाले. "शिकतला हळूहळू."